टिलर सुरू होईना? दोष थंडीचा नव्हे!

भात झोडून झाले, शेतात अजून ओल आहे, वाल पेरायचा म्हणून सकाळी सहाला टिलर बाहेर काढावा आणि हँडल मारून मारून दंड भरून यावेत, तरी इंजिन ढिम्म! अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे डिसेंबरात हे दृश्य नवे नाही. "थंडी धरलीय इंजिनानं, ऊन येऊ दे," म्हणत मंडळी चहाला जातात. नऊच्या उन्हात ते कसेबसे सुरू होतेही, आणि थंडीवरचा आरोप पक्का होतो. पण रोजचे तीन तास असे गेले तर ओल उडते. ओलीवरच्या वालाला मग पाणी कुठून आणायचे? पांढऱ्या कांद्याचे वाफेही याच दिवसांत करायचे असतात.

खरे पाहता, धडधाकट डिझेल इंजिन अडेल अशी थंडी आपल्या किनाऱ्यावर पडत नाही. पारा १५ अंशांखाली क्वचितच जातो. लडाखमध्ये डिझेल थिजते, म्हणून इंडियन ऑइलने २०१९ साली तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल आणले. आपल्याकडची थंडी फक्त आधीचा दोष उघडा पाडते. तो दोष बहुधा पावसाळ्यातला असतो. चिखलणी आटोपली की टिलर पडवीत जातो, तो भातकापणीनंतरच बाहेर येतो. मधले तीन-चार महिने दमट खारी हवा आणि अर्धी रिकामी टाकी. त्या रिकाम्या जागेतल्या हवेचे पाणी होऊन तळाशी बसते.

डिझेल इंजिनाला प्लग नसतो. आत दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेट घेते. म्हणून दोनच गोष्टी बघायच्या: डिझेल पोचते का, आणि दाब बसतो का.

हँडल मारताना सायलेन्सरकडे बघा. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचत नाही. टाकीखालची वाटी काढून पाणी-गाळ सांडा, फिल्टर बघा. मग पंपाकडचा एअर काढायचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्या. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते, पण पेटत नाही. अशा वेळी डीकॉम्प्रेशनचा खटका न दाबता हँडल सावकाश फिरवा. चांगले इंजिन हाताला जोराने अडवते. सहज फिरले तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेले समजा. ते काम मेकॅनिकचे, घरी ठोकाठोक करू नये. दाब ठीक असेल तर नोझल तपासून घ्या.

पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात सकाळी कोमट पाणी भरले तर फरक पडतो. उकळते मात्र ओतू नका, थंड लोखंडाला तडा जाईल. एअर क्लिनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरण्याची खोड काही गावांत आहे. ती मोडलीच पाहिजे. डिझेलच्या ओघळाशेजारी विस्तव म्हणजे भाजून घेण्याचेच लक्षण! आणि हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिन उलटले तर अंगठा गुंतून मनगट मोडते.

सेल्फ स्टार्टवाल्यांनी आधी बॅटरीची टोके बघावीत. खाऱ्या हवेत त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी साठते. टोके सोडवून कोमट सोड्याच्या पाण्याने पुसा, कोरडी करून घट्ट बसवा, वर व्हॅसलीन लावा. ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच हवे. जाड ऑइलने गार सकाळी हँडल जड जाते.

वीडर आणि ग्रासकटरची गोष्ट वेगळी. ती पेट्रोलवर चालतात, त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढते. जूनमध्ये कॅनमध्ये ठेवलेले पेट्रोल डिसेंबरात वापरू नये. हंगाम संपल्यावर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत.

बचत गटाचा किंवा गावच्या अवजार बँकेचा टिलर असेल तर सांभाळणारा एक माणूस ठरवून द्या. चिखलणीनंतर टाकी काठोकाठ भरणे आणि पंधरवड्याला दहा मिनिटे इंजिन चालवणे, एवढे त्याच्या वहीत लिहिलेले असावे. मेकॅनिकला दाखवायचे असेल तर ऑक्टोबरात दाखवा. डिसेंबरात त्याच्या दारात टिलरची रांग लागलेली असते.