जुन्या फियाटचा कायापालट

पुण्यातल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली मोटार तुम्ही पाहिली असेल. टायर बसलेले, रंग उडालेला, खाली तेलाचा डाग. परदेशातील हौशी लोक एमजी किंवा ट्रायम्फसारख्या जुन्या स्पोर्ट्‌स मोटारी घरच्या घरी वर्षानुवर्षे खपून पुन्हा धावत्या करतात. आपल्याकडे हा मान बऱ्याचदा फियाटला मिळतो.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने ‘फियाट ११००’ तयार होऊ लागली. १९७० च्या दशकात तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती.

अशी मोटार घरी दुरुस्त करायला पाच-दहा वर्षे सहज लागतात. पैसा आणि सुटे भाग जमवावे लागतात, नाना पेठेतील दुकाने आणि जुना बाजार पालथा घालावा लागतो, हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की, या कामाच्या प्रत्येक पायरीवर पदार्थविज्ञानाचा किंवा रसायनशास्त्राचा एखादा नियम उभा असतो. त्याला डावलून घाई केली, तर पुढे माणसाच्या जिवावर बेतू शकते. या पायऱ्या आपण क्रमाने पाहू.

गंज : दिसतो त्याहून खोल

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. गंजणे ही विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. पत्र्यावर पाण्याचा थेंब आहे अशी कल्पना करा. थेंबाच्या कडेला हवेतील ऑक्सिजन भरपूर मिळतो, मध्यभागी कमी. मध्यभागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेकडे जातात आणि तेथील ऑक्सिजन व पाण्याशी त्यांचा संयोग होतो. म्हणजे एक इवलासा विद्युत्-घटच तयार होतो! जेथे ऑक्सिजन कमी, तेथेच खड्डा पडतो. म्हणून मोटारीचा पत्रा चिखलाखाली, पायपुसण्याखाली आणि रंगाच्या फुगीर फोडाखाली आधी सडतो. पाण्यात मीठ असेल, तर विद्युत्-प्रवाह सहज वाहतो आणि गंज वेगाने वाढतो. समुद्राकाठच्या मुंबईतील मोटारींपेक्षा पुण्यातील मोटारींचे पत्रे अधिक टिकतात, ते यामुळेच.

फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. दारांखालचे पोकळ पट्टे, तळाचा पत्रा आणि छत मिळूनच तिचा सांगाडा बनतो. तेव्हा तळ सडणे म्हणजे मोटारीचे हाड मोडणे होय. गंजावर लांबी भरून वरून चकचकीत रंग दिला, की मोटार देखणी दिसते. पण अपघातात ती कागदासारखी चुरगळते. सडलेला भाग कापून तेथे नवा पत्रा वेल्ड करणे हाच खरा उपाय. कापण्यापूर्वी सांगाड्याला आतून लोखंडी आडवे टेकू देतात आणि एका वेळी एकच बाजू कापतात. नाहीतर वजनाने मोटार मध्ये झुकते आणि दारे पुन्हा कधीच नीट लागत नाहीत.

वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी काढून दूर नेलीच पाहिजे. ‘टाकी रिकामी आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के असले की ठिणगीने स्फोट होतो, आणि रिकाम्या टाकीत नेमके असे मिश्रण असू शकते.

न सुटणारा नट

वर्षानुवर्षे गंजलेला नट पान्याने सुटत नाही. जोर लावला तर बोल्टच तुटतो. अशा वेळी पातळ तेल सोडून काही दिवस थांबतात. केशाकर्षणामुळे ते आट्यांच्या बारीक फटीत शिरते. तरीही नट हलला नाही, तर तो तापवतात. येथे एक प्रश्न: नट तापला की त्याचे भोक लहान होईल की मोठे? पुष्कळ विद्यार्थी ‘लहान’ असे उत्तर देतात. पण तापलेल्या वस्तूची सर्वच मापे एका प्रमाणात वाढतात, भोकाचेसुद्धा! बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, ती याच नियमाने. बोल्ट थंड आहे तोवर नट ढिला होतो आणि गंजाची पकड सुटते.

सिलिंडरचे गणित

फियाटच्या इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. वहीत मांडून पाहा: ०.७८५४ × ६.८ × ६.८ × ७.५ = सुमारे २७२.४ घन सेंटिमीटर. त्याची चौपट १०८९. कंपनीने दिलेला आकडा हाच आहे.

झिजलेला सिलिंडर गोल राहत नाही, किंचित लंबगोल होतो. मग लेथ कारखान्यात तो आतून कातून मोठा करतात आणि मापाने मोठा दट्ट्या बसवतात. व्यास फक्त अर्धा मिलिमीटर वाढला असे मानले, तर इंजिन १०८९ वरून सुमारे ११०५ घन सेंटिमीटरचे होते.

घाटातील परीक्षा

इंजिन सुरू झाले की सर्वांना फेरफटक्याची घाई होते. पण चालण्याआधी मोटारीला थांबता आले पाहिजे. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना आपण पाचशे मीटरांहून अधिक खाली येतो. माणसांसह मोटारीचे वस्तुमान ११०० किलोग्रॅम धरू. स्थितिज ऊर्जा = ११०० × ९.८ × ५०० = सुमारे ५४ लाख जूल. एवढ्या उष्णतेने २५ अंश सेल्सिअसचे सुमारे १७ लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल!

ही सारी ऊर्जा एकट्या ब्रेकवर सोपवली तर काय होईल? पद्मिनीला चारही चाकांवर ड्रम ब्रेक असतात. ड्रमचा व्यास २५ सेंटिमीटर मानला आणि तो २०० अंशांनी तापला, तर व्यास सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. ड्रम आतल्या ब्रेकशूंपासून दूर सरकतो, आणि तापलेल्या लायनरचे घर्षणही घटते.

त्याहून मोठा धोका ब्रेकच्या तेलात लपलेला असतो. हे तेल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट-३ जातीचे ताजे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये, असे मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पायाखालचे पेडल तळाला टेकते आणि मोटार थांबत नाही. म्हणून कित्येक वर्षे उभ्या असलेल्या मोटारीचे ब्रेकचे तेल आणि रबरी भाग सर्वप्रथम बदलावेत. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहावे, म्हणजे बरीचशी ऊर्जा इंजिनात खर्च होते.

आणखी एक सूचना. जुन्या रंगांत शिसे आणि जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून रंग पाणी लावून घासावा, ब्रेकमधील धूळ फुंकून उडवू नये, आणि मुलांनी हे काम जाणत्या माणसाशिवाय करू नये.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार, मूळ रूपात जपलेल्या पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करता येते. मूळ रूप जपायचे तर प्रत्येक भाग काढताना त्याचे चित्र आणि माप वहीत टिपून ठेवावे लागते. प्रयोगशाळेतील नोंदवहीची शिस्त ती हीच.

करून पाहा : लोखंडी पत्र्याचा तुकडा काचकागदाने घासून चकचकीत करा. त्यावर मिठाच्या पाण्याचा मोठा थेंब ठेवा, आणि तो सुकू लागला की त्यात थोडे पाणी घाला. दुसऱ्या दिवशी गंज पुसून भिंगातून पाहा. पत्रा कोठे खरवडला गेला आहे, मध्यभागी की कडेला? आता शेजारच्या जुन्या मोटारीचा कोणता भाग आधी तपासावा, ते तुम्हीच सांगा.