एकाच देहातली वेगवेगळी वयं
पेशींचं वय : लेखांक ६

प्रथिनांच्या घड्या कशा पडतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. त्या विस्कटल्या की पेशी काय करते आणि वयानुसार त्यात कुठे, किती ढिलाई येते, हा आजचा विषय.

शिरूर-दौंड भागात एप्रिलमध्ये उन्हाळ कांद्याची काढणी जोरात असते. विळ्याने पात कापायला विशीतली सून बसते, तशी साठी उलटलेली सासूही. सासूला घाम कमी सुटतो, तहान उशिरा लागते, हे डॉक्टर सांगतातच. तिच्या पेशींची तयारीही तोकडी पडू शकते.

उष्णता वाढली की पेशीतली काही प्रथिनं उलगडतात. एरवी एचएसपी-७० हे प्रथिन एचएसएफ-१ या दुसऱ्या प्रथिनाला धरून बसलेलं असतं. उलगडलेल्यांना सावरायला ते धावलं की एचएसएफ-१ सुटतं, डीएनएला चिकटतं आणि सावरणारी आणखी प्रथिनं बनू लागतात. या प्रतिसादाची पहिली खूण फेरुच्चो रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाला फळमाशीच्या गुणसूत्रांवर दिसली आणि १९६२मध्ये त्याने ती प्रसिद्ध केली. सहकाऱ्याने चुकून उबवणपेटीचं तापमान वाढवलं होतं!

वयाबरोबर हा प्रतिसाद सगळीकडे सारखा मंदावत नाही. म्हाताऱ्या उंदरांच्या यकृतपेशींत एचएसएफ-१ भरपूर असतं, पण डीएनएला धड चिकटत नाही. स्नायूंत व्यायामानंतर ही सावरणारी प्रथिनं वाढायला हवीत. म्हातारपणी ती पुरेशी वाढत नाहीत. जास्त एचएसपी-७० बनवणाऱ्या उंदरांचे स्नायू मात्र म्हातारपणीही इजेतून चांगले सावरले. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी तर तरुणपणीही हा प्रतिसाद सहजी देत नाहीत.

सर्वांत बिकट अवस्था डोळ्याच्या भिंगाची. मध्यभागातल्या पेशींना केंद्रकच नसतं, म्हणून नवं प्रथिन बनत नाही. जन्माआधीचीच प्रथिनं आयुष्यभर पुरवायची. अल्फा-क्रिस्टॅलिन हे प्रथिन त्यांना सावरत राहतं. त्याचा साठा सरत आला की प्रथिनांचे पुंजके होतात आणि मोतीबिंदू वाढतो.

एकाच देहात काय, माणसामाणसांतही फरक दिसतो. शिरूर तालुक्यातल्या वढूला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. पन्नाशीपुढच्या ग्रामस्थांची प्रकृती आणि रोजचं जगणं यांची पाहणी त्याने २००७मध्ये केली. तिथे पेशी तपासल्या नव्हत्या. चालणं, काम, स्वतःला वाटणारी तब्येत यांबद्दल विचारलं होतं. बायकांनी पुरुषांपेक्षा आपली तब्येत वाईट सांगितली. तेव्हा नुसत्या जन्मतारखेवरून तब्येत ठरवणं फसवं आहे. डोळे, स्नायू, यकृत प्रत्येकाची विचारपूस वेगळी व्हायला हवी.

घरातल्या ज्येष्ठांना ऐन दुपारी कांद्याच्या वाफ्यावर बसवू नका. सकाळचं काम त्यांना, दुपारची सावलीही त्यांना. तहान लागण्याआधी पाणी द्या, वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या आणि रोजचं चालणं मात्र बंद करू देऊ नका.

(क्रमशः)