विशेषणापाठोपाठ येणारं अव्यय

मराठी माध्यमात शिकलेल्या अनेकांचं इंग्रजी व्याकरण पक्कं असतं. काळ चुकत नाही, क्रियापदाचं रूप चुकत नाही, शब्दही पुरेसे ठाऊक असतात. तरी ‘शी इज मॅरिड विथ अ डॉक्टर’ किंवा ‘ही इज ॲंग्री ऑन मी’ अशी वाक्यं तोंडून निघतात. यात ‘मॅरिड’ बरोबर आहे, ‘ॲंग्री’ही बरोबर आहे. चुकतो तो त्यांच्या पाठोपाठ येणारा छोटा शब्द, म्हणजे अव्यय (प्रिपोझिशन). ‘मॅरिड’नंतर ‘टू’ लागतो आणि राग माणसावर असेल तर ‘ॲंग्री’नंतर ‘विथ’.

ही चूक कुठून येते हे पाहिलं, तर ती दुरुस्त करायची वाटही सापडते. आपण ‘तिचं डॉक्टरशी लग्न झालंय’ असं म्हणतो आणि त्या ‘शी’साठी ‘विथ’ वापरतो. ‘तो माझ्यावर रागावलाय’ यातल्या ‘वर’साठी ‘ऑन’ वापरतो. म्हणजे विशेषण इंग्रजीतून येतं, पण त्याचा पुढचा दुवा मराठीतून येतो. इंग्रजीत विशेषण आणि अव्यय यांची जोडी आधीच ठरलेली असते. त्यातलं एक बदललं की वाक्य इंग्रजी कानाला खटकतं.

अशा ठरलेल्या जोड्या आपल्याला नव्या नाहीत. आपण कुत्र्याला घाबरतो, बहिणीवर रागावतो, शेजाऱ्याशी भांडतो, मुलीचा अभिमान बाळगतो आणि गणितात हुशार असतो. कुठे ‘ला’, कुठे ‘वर’, कुठे ‘शी’ हे आपल्याला कुणी पाठ करायला लावलेलं नाही. शब्द कानावर पडला तो प्रत्ययासकटच. इंग्रजीतही हेच करायचं आहे, फक्त जाणीवपूर्वक.

प्रत्यय गेले, अव्ययं आली

इंग्रजीलाही एके काळी विभक्ती होत्या. साधारण 1100पर्यंतच्या काळातल्या, जिला आज जुनी इंग्रजी म्हणतात, त्या भाषेत नामांना प्रत्यय लागत आणि कोणत्या विशेषणासोबत कोणती विभक्ती यायची हे ठरलेलं असे. ‘भरलेला’ या अर्थाच्या विशेषणासोबतचं नाम षष्ठीत येई. ‘प्रिय’, ‘सारखा’ अशा अर्थाच्या विशेषणांना चतुर्थी लागे. पुढच्या काही शतकांत हे प्रत्यय झिजत गेले आणि त्यांचं बरंचसं काम अव्ययांनी उचललं. षष्ठीची जागा मुख्यतः ‘ऑफ’ने घेतली, चतुर्थीची ‘टू’ने. म्हणून आज ‘फुल ऑफ वॉटर’ म्हणतात. आपण ‘पाण्याने भरलेलं’ म्हणतो म्हणून तिथे ‘फुल विथ’ होत नाही.

हा इतिहास मराठी माणसाच्या थेट उपयोगाचा आहे, कारण आपल्याकडे विभक्ती अजून शाबूत आहेत.

‘ऑफ’ आणि आपली षष्ठी

पुढची विशेषणं पाहा: अफ्रेड, प्राउड, अशेम्ड, अवेअर, शुअर, फॉन्ड, जेलस, केपेबल. या सगळ्यांपुढे ‘ऑफ’ येतो. आता त्यांचा अर्थ मराठीत नामाने सांगून बघा: कशाची भीती, कशाचा अभिमान, कशाची लाज, कशाची जाणीव, कशाची खात्री, कशाची आवड, कशाचा मत्सर, कशाची क्षमता. प्रत्येक ठिकाणी चा, ची, चे आला. मनातली भावना किंवा जाणीव अशा रीतीने षष्ठीने सांगता आली, तर बऱ्याचदा इंग्रजीत ‘ऑफ’ असतो.

ही खूण आहे, नियम नाही. आपल्याला ‘काळजी’ही कशाची तरी असते, पण ‘वरीड’नंतर ‘अबाउट’ येतो. ‘संगीताची आवड’ याला ‘फॉन्ड ऑफ म्युझिक’ चालतं, पण ‘इंटरेस्टेड’ घेतलं की ‘इन म्युझिक’ म्हणावं लागतं. असे अपवाद वेगळे लिहून ठेवावेत.

बाकीचे गट

‘टू’ दोन गोष्टींमधलं नातं किंवा एकाचा दुसऱ्याकडचा रोख दाखवतो. सिमिलर, इक्वल, रिलेटेड आणि मॅरिड ही नात्याची विशेषणं. काइंड, रूड, पोलाइट आणि लॉयल ही वागणुकीची. ‘ॲलर्जिक’ही याच गटातलं. लॅटिनमधून आलेली सीनियर, ज्युनियर, सुपीरियर आणि इन्फीरियर ही तुलना करणारी विशेषणंसुद्धा ‘टू’च घेतात. ‘ही इज सीनियर दॅन मी’ हे आपल्या कार्यालयांत सर्रास ऐकू येतं. बरोबर वाक्य ‘ही इज सीनियर टू मी’ असं आहे.

‘ॲट’ कौशल्यासाठी येतो: गुड ॲट, बॅड ॲट, क्लेव्हर ॲट. ‘गणितात हुशार’ यातल्या ‘त’मुळे आपण ‘गुड इन मॅथ्स’ म्हणतो. भारतीय इंग्रजीत ते रुळलंय, पण प्रमाण इंग्रजीत ‘गुड ॲट मॅथ्स’ म्हणतात. ‘इन’ येतो तो एखाद्या क्षेत्रात गुंतलेलं किंवा संपन्न असण्यासाठी: इंटरेस्टेड, इन्व्हॉल्व्ड, एक्सपीरियन्स्ड, रिच.

‘फॉर’मागे कारण, हेतू किंवा जबाबदारी असते: फेमस, सूटेबल, रेडी, रिस्पॉन्सिबल. नागपूर संत्र्यांसाठी प्रसिद्ध, म्हणजे ‘फेमस फॉर’. इथे मराठी आणि इंग्रजी जुळतात. ‘डिपेंडंट ऑन’ही आपल्या ‘वर अवलंबून’शी नेमकं जुळतं. मात्र त्याच शब्दाचं उलट रूप ‘इंडिपेंडंट’ हे ‘ऑफ’ घेतं.

‘वेगळा’साठी ‘डिफरंट फ्रॉम’ सगळीकडे चालतं. ब्रिटनमध्ये बोलताना ‘डिफरंट टू’ आणि अमेरिकेत ‘डिफरंट दॅन’ही म्हणतात. परीक्षेत आणि औपचारिक लेखनात ‘फ्रॉम’च वापरावा.

एक विशेषण, अनेक अव्ययं

काही विशेषणांपुढे अव्यय बदललं की अर्थही बदलतो. हा भाग सावकाश पाहण्यासारखा आहे.

‘गुड’च घ्या. ‘गुड ॲट’ म्हणजे एखाद्या कामात तरबेज. ‘गुड फॉर’ म्हणजे हितकर. चालणं प्रकृतीला चांगलं असतं, ते ‘फॉर’ने सांगतात. ‘गुड टू’ म्हणजे एखाद्याशी चांगलं वागणारा. ‘गुड विथ’ म्हणजे ज्याला मुलं, प्राणी किंवा अवजारं नीट हाताळता येतात असा. शिक्षिकेबद्दल ‘शी इज गुड विथ चिल्ड्रन’ म्हटलं की मुलांशी तिचं जमतं असा अर्थ होतो. ‘गुड टू चिल्ड्रन’ म्हटलं की ती त्यांच्याशी प्रेमाने वागते.

‘टायर्ड ऑफ’ म्हणजे कंटाळा, ‘टायर्ड फ्रॉम’ म्हणजे श्रमाचा थकवा. वरिष्ठांना ‘आय ॲम टायर्ड ऑफ धिस वर्क’ लिहिलं, तर ते राजीनाम्याची चाहूल समजतील. ‘सॉरी फॉर’नंतर माणूस आला तर त्याच्याबद्दल हळहळ व्यक्त होते, घडल्या गोष्टीची दिलगिरी ‘सॉरी अबाउट’ने सांगतात. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ म्हणजे कामाची जबाबदारी, ‘रिस्पॉन्सिबल टू’ म्हणजे ज्याला उत्तर द्यायचं तो माणूस. राग माणसावर असेल तर ‘ॲंग्री विथ’, गोष्टीचा असेल तर ‘ॲंग्री अबाउट’. ‘ॲंग्री ॲट’ दोन्हीकडे चालतं, ‘ॲंग्री ऑन’ मात्र कुठेच नाही.

पुढे क्रियापद आलं तर

अव्ययापुढे क्रिया सांगायची असेल, तर क्रियापदाला ‘इंग’ लागतो: ‘गुड ॲट कुकिंग’, ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’, ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’. सगळ्यात जास्त गोंधळ ‘यूज्ड टू’चा होतो. ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे. ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे मी पूर्वी लवकर उठायचो, आता उठत नाही. पहिल्या वाक्यातलं ‘यूज्ड’ हे विशेषण आहे आणि ‘टू’ हे अव्यय, म्हणून तिथे ‘इंग’ आला.

प्रश्न विचारताना अव्यय गाळायचं नसतं, ते सहसा शेवटी जातं. ‘तुला कशाची भीती वाटते?’ हे ‘व्हॉट आर यू अफ्रेड ऑफ?’ असं होतं. आपल्याला शेवटचा ‘ऑफ’ अधांतरी वाटतो, पण रोजच्या इंग्रजीत तोच स्वाभाविक आहे.

जोडी शोधायची कुठे

यासाठी भाषा शिकणाऱ्यांकरता केलेला चांगला कोश हवा. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. परक्या माणसाला शब्दाचा अर्थ कळूनही तो वाक्यात बसवता येत नाही, ही अडचण ओळखून त्यांनी सहकाऱ्यांसह कोश केला. तो 1942 साली टोकियोत निघाला. 1948पासून तो ऑक्सफर्डकडून प्रसिद्ध होऊ लागला आणि आज ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ या नावाने जगभर वापरला जातो. त्यात विशेषणासोबत कोणतं अव्यय येतं ते दिलेलं असतं आणि उदाहरणाचं वाक्यही असतं. नुसता इंग्रजी-मराठी अर्थ देणाऱ्या कोशात ही माहिती सहसा नसते.

तेव्हा नवं विशेषण भेटलं की वहीत एकटा शब्द लिहू नका. शब्द, त्याचं अव्यय आणि तुमच्या आयुष्यात खरं असलेलं एक वाक्य, असं तिन्ही मिळून लिहा. घरातली भीती, कामातली जबाबदारी, मुलांचा अभिमान, जे खरं असेल ते. शे-दीडशे जोड्या अशा वाक्यांतून जिभेवर बसल्या, की रोजच्या बोलण्यात आणि पत्रव्यवहारात लागणारं बहुतेक सगळं तुमच्याजवळ असेल.