पूर येण्याआधी ही बॅग भरून ठेवा!

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. घरची आपत्कालीन बॅग मात्र मृगाच्या पहिल्या सरीआधीच तयार हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पुराने घरंच्या घरं वेढली होती.

✅ पाणी: माणशी रोज किमान ३ लिटर, तीन दिवसांचं. सोबत पाणी शुद्ध करायला मेडिक्लोर.
✅ खाणं: चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, बिस्किटं. चूल पेटवावी लागणार नाही असंच घ्या.
✅ औषधं: बीपी-शुगरच्या आठवडाभराच्या गोळ्या, ओआरएस, प्रथमोपचार पेटी.
✅ कागदपत्रं: आधार, रेशन कार्ड, सातबारा, बँक पासबुक, विमा पॉलिसी, सगळं झिपच्या प्लास्टिक पिशवीत. फोटो काढून नातेवाइकांनाही पाठवा.
✅ बॅटरी, जादा सेल, पॉवर बँक, शिट्टी, दोरी.
✅ सुट्टे पैसे. वीज गेली की एटीएम आणि यूपीआयचा भरवसा नाही.
✅ सॅनिटरी पॅड, बाळाचे लंगोट, आजी-आजोबांचा जादा चष्मा.

बॅग माळ्यावर टाकू नका, दाराजवळ ठेवा. निघताना मेन स्विच आणि सिलिंडर बंद करा, जनावरांची दावी सोडा.

११२ (आपत्कालीन मदत), १०८ (रुग्णवाहिका) आणि १०७७ (जिल्हा आपत्ती कक्ष) हे नंबर कागदावर लिहून बॅगेत ठेवा. या रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून बॅग भरा!