मंद आचेवरचा घेवडा आणि पोर्क

बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाल्यानंतर मुंबईकरांच्या विसाव्याचे ठिकाण बनत गेलेल्या खंडाळ्यात आषाढ लागला, की धुके दारात मुक्काम ठोकते, वाळत घातलेला कपडा आठवडाभर ओला राहतो आणि सकाळी चढवून रात्री निवांतपणे उतरवावा अशा एखाद्या ऊनऊन, दाट रसाच्या पदार्थाची ओढ वाटू लागते. ही गरज उत्तम रीतीने भागविणारा पदार्थ म्हणजे गोव्याच्या ख्रिस्ती घरांतील, घेवडा आणि पोर्क एकत्र शिजवून केलेला फेजोआद. पोर्तुगीज अंमलाबरोबर हा पाकप्रकार गोव्यात आला, परंतु माडाच्या शिरक्यात मुरवून उन्हात वाळविलेली तेथील तिखट चोरीस, म्हणजे वराहमांसाचे सॉसेज, त्यात पडली आणि तो सर्वस्वी गोव्याचा झाला.

विजेवर चालणारा स्लो कुकर या कामी फार सोयीचा, आणि त्याचा इतिहासही घेवड्याशीच निगडित आहे. लिथुआनियातील ज्यू कुटुंबे शब्बाथच्या आदल्या सायंकाळी कडधान्य व मांसाचे भांडे भटारखान्याच्या निवत जाणाऱ्या भट्टीत रात्रभर ठेवीत असत. आईने सांगितलेल्या या दस्तुरावरून अमेरिकेतील अर्विंग नॅक्सन यांनी विजेचे भांडे रचले आणि १९४० साली त्याचे पेटंट मिळविले.

वराहमांसाला ही मंद आच अत्यंत मानवते. खांद्याच्या मांसातील चिवट स्नायुबंध प्रखर अग्नीवर आक्रसतात, पण कित्येक तास सौम्य उष्णतेत राहिले म्हणजे विरघळून रसाला दाटपणा आणतात. घेवड्याची प्रकृती मात्र नेमकी उलट आहे, आणि ही गोष्ट पाककृतींच्या पुस्तकांतून जितक्या ठळकपणे यावयास हवी तितकी येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. राजम्याच्या कुळातील दाण्यांत फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषद्रव्य असते. ते खळखळत्या उकळीने नष्ट होते, पण ८० अंशांच्या आसपास रेंगाळणाऱ्या उष्णतेत दाणा कच्च्याहूनही अधिक अपायकारक ठरू शकतो, आणि वांत्या-जुलाबांची पाळी येते. सबब, भिजवलेला दाणा थेट स्लो कुकरमध्ये कधीही घालू नये. दहा मिनिटांची जोरदार उकळी आवश्यक मानली जाते. परंतु खंडाळ्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या सुमारासच उकळत असल्याने येथे अर्धा तास द्यावा, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

राजम्याऐवजी सातारा जिल्ह्यातील कोरेगावकडचा, भौगोलिक मानांकन लाभलेला वाघ्या घेवडा मी पसंत करतो. शिजल्यावर त्याला येणारी किंचित गोड चव चोरिशीच्या आंबट-तिखटाला फार शोभते. पाव किलो घेवडा रात्रभर भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात वर सांगितल्याप्रमाणे उकळून घ्यावा. अर्धा किलो खांद्याचे मांस चरबीसह मोठ्या फोडी करून तव्यावर तांबूस परतावे. त्याच तव्यावर दोन कांदे, भरपूर लसूण, जिरे, मिरे, दालचिनी व लवंग यांचे वाटण परतून सर्व जिन्नस भांड्यात घालावेत. या भांड्यातून वाफ फारशी जात नसल्याने पाणी जेमतेम बुडेल इतकेच असावे. मंद खुणेवर सात-आठ तास लागतात. चोरीस आवरणातून काढून वेगळी परतावी आणि घेवडा बोटाने सहज चिरडू लागल्यावरच, शेवटच्या तासात, घालावी. तिच्यातील शिरका आधी पडला तर आंबटपणामुळे दाण्याचे साल ताठ राहते आणि मग कितीही तास दिले तरी तो मऊ होत नाही. मीठही तेव्हाच, चव पाहून घालावे, कारण चोरीस मुळातच खारट असते.

घाटमाथ्यावर पावसाळ्यात वीज जाते, याची तजवीज आधीच असावी. घरात असताना वीज गेल्यास भांड्यातील पदार्थ तत्काळ गॅसवर नेऊन शिजवावा. आपण बाहेर असताना ती किती वेळ गेली होती हे ठाऊक नसेल, तर मोह न धरता सगळा पदार्थ टाकून द्यावा.

गोव्यात फेजोआद पावाबरोबर किंवा भाताबरोबर खातात. मावळात राहणाऱ्याने वडगावच्या भात संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी तांदूळ शिजवावा. त्याच्या मऊ, चिकट भातावर हा रस पावापेक्षा सरस लागतो.