ज्योत पिवळी झाली तर

आमच्या माणिकपूरच्या उबदार हवेत घर तापवायला भट्टी लागत नाही. आंघोळीच्या पाण्यासाठी मात्र अनेक घरांत गॅस गिझर असतो, आणि त्याची निगा भट्टीइतकीच काळजीने राखायला हवी. बर्नरच्या छिद्रांत धूळ, कोळिष्टकं अडकली किंवा वरच्या तांब्याच्या पात्यांत काजळी साचली, की ज्वलनाला हवा अपुरी पडते. निळी ज्योत पिवळी होते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड झालं, मळमळलं, तर आधी बाहेर पडा. पावसाळा संपला की माहीतगार मेकॅनिककडून बर्नर साफ करून घ्या. गिझर न्हाणीघराबाहेर, खेळत्या हवेतच बसवा. कोंदट जागेत स्वच्छ बर्नरही जिवावर बेततो.