जुन्या ट्रॅक्टरला बारा व्होल्ट

बॅटरीवरची बुचे मोजली की तिचा दाब कळतो. शिसे आणि आम्ल यांच्या एका घरात सुमारे दोन व्होल्ट वीज साठते. तीन बुचे असली तर सहा व्होल्ट, सहा असली तर बारा. आजकालच्या बंद डब्यांच्या बॅटऱ्यांवर बुचेच नसतात, त्यामुळे शहरातल्या मुलांना हा हिशेब ठाऊक नाही. पण जुन्नर-आंबेगावकडच्या एखाद्या वस्तीवर गोठ्याच्या कडेला जुना पेट्रोलचा ट्रॅक्टर उभा दिसला, तर पत्रा उचलून पाहा. तीन बुचांची बॅटरी निघाली, तर तो ट्रॅक्टर आपल्या आजोबांच्या काळातला समजावा.

त्या काळी सहा व्होल्ट हीच रीत होती. अमेरिकेत फोर्ड कंपनीने 1947 ते 1952 या काळात ‘8एन’ नावाचे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनवले. ते सगळे सहा व्होल्टचे. फार्मॉल कब हा छोटा ट्रॅक्टर 1947 साली निघाला, तोही तसाच. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीपही सहाच व्होल्टची. यात कंजुषी नव्हती. इंजिने लहान, त्यांच्यातला दाब कमी, त्यामुळे ती सहज फिरत. आणि वीज लागायची ती ठिणगीला, सेल्फला आणि दोन मिणमिणत्या दिव्यांना. पुढे मोटारींची इंजिने जोरकस झाली, रेडिओ आले, आणि 1955 च्या सुमारास अमेरिकन मोटारी बारा व्होल्टवर गेल्या. ट्रॅक्टर त्यांच्या मागोमाग गेले.

आपल्या देशात त्या वेळी ट्रॅक्टर परदेशातूनच येई. स्वातंत्र्यानंतर कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोडण्यासाठी सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभारली, आणि 1949 साली जागतिक बँकेने शेतीच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर 1959 सालचा, आयशरचा. आपल्या कांदिवलीला महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतून ‘बी-275’ निघू लागला, तो 1960 नंतरच्या दशकात. ही मंडळी डिझेलवाली आणि बारा व्होल्टची. तेव्हा सहा व्होल्टचा ट्रॅक्टर म्हणजे त्या आधीच्या पिढीचा पाहुणा.

आता तुम्ही म्हणाल, पाहुण्याला राहू द्यावे की तसेच! अंगणात उभा करावा, दसऱ्याला झेंडूची माळ घालावी, झाले. घोड नदीच्या खोऱ्यातल्या ज्या वस्तीवर मी असा 8एन पाहिला, तिथल्या थोरल्या आबांचेही तेच मत होते. “मूळ वस्तूला हात लावू नये,” ते म्हणाले. त्यांच्या मुलाचे मत अगदी उलट. त्याला ट्रॅक्टर चालवायचा होता, आणि तोही संध्याकाळी.

संध्याकाळचे हे प्रकरण समजून घेतले पाहिजे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे, म्हणजे येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, या दोन तालुक्यांत बांधली गेली. डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले; तालुक्याला नाव उरले, गाव उरले नाही. कालवे आले, कालव्यांमागून ऊस आला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी कारखाने आले, आणि उसाच्या गच्च सावलीत बिबट्या येऊन राहिला. तो तिथेच वितो, तिथेच वाढतो. माणिकडोहला जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, यावरून काय ते समजा. दिवस मावळला की बायकापोरांना आत घ्यायचे, वासरू गोठ्यात बांधून कडी लावायची, हा या भागातल्या वस्त्यांवरचा रोजचा नेम आहे. अशा ठिकाणी उसाच्या दोन फडांमधल्या वाटेने अंधारात घरी येताना पुढचा दिवा पिवळाधमक, निखाऱ्यासारखा लुकलुकत असेल, आणि वाटेत इंजिन बंद पडल्यावर सेल्फ नुसता कण्हत असेल, तर मूळ वस्तूचे कौतुक कुठवर पुरणार? “आबा, वाघराला काय ठावं गाडी जुनी हाय का नवी,” असे मुलगा म्हणाला, तेव्हा आबा गप्प बसले.

पण सहा व्होल्टचा दिवा मंद का? तो मुळात मंद नसतो. तीस वॉटचा दिवा सहा व्होल्टवरही तीसच वॉटचा. गोम आहे तारांत. असे दोन दिवे लावले की साठ वॉट झाले. सहा व्होल्टवर त्यांना दहा अँपिअर प्रवाह लागतो, बारा व्होल्टवर पाचच. आता सत्तर वर्षांची तार, गंजलेले जोड, सैल झालेले स्क्रू यांचा मिळून एक दशांश ओहम अडथळा आहे असे धरा. दहा अँपिअरला तिथे एक व्होल्ट गळतो, म्हणजे सहातला एक, सहावा हिस्सा! पाच अँपिअरला गळतो अर्धा व्होल्ट, तोही बारातला. म्हणजे चोविसावा हिस्सा. दाब थोडा उतरला तरी दिव्याचा उजेड त्याहून कितीतरी जास्त उतरतो. पुण्यातल्या वाड्यांत राहिलेल्यांना हे समजावायला नको. टाकी जरा खाली असली की तिसऱ्या मजल्यावरचा नळ नुसता फुसफुसतो.

तेव्हा नुसती बॅटरी बदलली की झाले? इथेच हौशी लोकांचे हात पोळतात. वीज ही जावयासारखी आहे. तिच्या मानाने बाकीचे घर आवरावे लागते.

सेल्फपासून सुरुवात करू, कारण त्याचीच सगळ्यांना भीती वाटते आणि त्यालाच सहसा काही होत नाही. सहा व्होल्टचा सेल्फ बारावर चालतो, चांगला चालतो. फक्त तो एकदम जोरात उसळतो आणि त्याचे दातेरी चाक फ्लायव्हीलच्या कड्यावर आदळते. म्हणून बटण क्षणभर दाबावे, इंजिन पकडले की सोडावे. लगेच सुरू झाले नाही तर थांबावे, दम घ्यावा. सेल्फच्या जाड केबली मात्र जशाच्या तशा ठेवाव्या. बारा व्होल्टला बारीक तार चालते असे ऐकून त्या बदलू नयेत.

कॉइलची गोष्ट वेगळी. सहा व्होल्टच्या कॉइलचा अडथळा सुमारे दीड ओहम असतो. म्हणजे प्रवाह चार अँपिअर. तीच कॉइल बारावर जोडली तर प्रवाह आठ, आणि उष्णता चौपट. पॉइंट जळतात, कॉइल हाताला चटका देते, आणि मग भर शेतात गाडी बसते. उपाय दोन. दीड ओहमचा रोधक मालिकेत घालावा, किंवा सरळ तीन ओहमची बारा व्होल्टची कॉइल आणावी. 1950 नंतरच्या 8एनला डिस्ट्रिब्यूटर बाजूला असल्यामुळे साधी डब्याची कॉइल बसते. मी पाहिलेला ट्रॅक्टर त्यातलाच होता.

दिवे बदलायचेच. जुना दिवा बारावर लावला की एक लख्ख झगझगाट आणि संपले.

आणि आता खरे संकट. या जुन्या फोर्डमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. आजच्या गाड्यांत ऋण टोक बॉडीला असते. जुना डायनॅमो काढून त्या जागी आल्टरनेटर बसवायचा तर गाडीही ऋण बॉडीची करावी लागते, कारण आल्टरनेटरच्या पोटात डायोड असतात आणि डायोड उलटी वीज सोसत नाहीत. सवयीने कुणी जुन्या पद्धतीने केबल लावली तर ते क्षणात जळतात. धूर निघण्यापूर्वी चूक कळेल, असा भरवसा नको. सेल्फ मात्र टोके उलटली तरी त्याच दिशेने फिरतो, कारण त्याच्यातले चुंबक आणि फिरता भाग दोन्ही एकदम उलटतात. त्यामुळे होते असे, की सेल्फ छान फिरला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिकडे आल्टरनेटर जळालेला असतो. अँपिअरमीटरच्या तारांची अदलाबदल करायची, नाहीतर भरती चालू असताना काटा रिकामे होत असल्याचे सांगेल. कॉइलचे ऋण टोक डिस्ट्रिब्यूटरकडे. केबल काढताना आधी बॉडीची काढायची, लावताना तीच शेवटी. भरत असलेल्या बॅटरीजवळ बिडी तर नाहीच. तिच्यातून हायड्रोजन निघतो.

त्या वस्तीवरचा मिस्त्री नारायणगावचा. बोलणे कमी, हात चोख. आल्टरनेटर कुठल्याशा जुन्या मोटारीचा होता. त्याची पट्टी त्याने लोखंडातून कापून, भोके पाडून बेतली, आणि पट्ट्याची रेघ सरळ आहे ना हे सुतळी ताणून पाहिले. पहिले जोडकाम झाल्यावर तो उठला, बॅटरीच्या दोन्ही टोकांवर लाल आणि काळ्या रंगाचे ठिपके दिले, आणि मुलाला म्हणाला, “दादा, उद्या दुसरा कुनी पाना घिऊन येईल. त्याला माझी याद न्हाई ऱ्हायची, ह्यो रंग ऱ्हाईल.” मला विचाराल तर त्या दोन दिवसांतले सर्वांत मोलाचे काम तेच होते.

आबांचीही समजूत निघाली. पत्र्याला एकही नवे भोक पाडले नाही, जुन्या तारांचा गुंडा प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून ठेवला. डायनॅमो आणि त्याचा रेग्युलेटर ग्रीस लावून, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून माळ्यावर चढवला. पुढे कुणाला हौस वाटली तर एका दिवसात सहा व्होल्ट परत येतील. तीन बुचांची बॅटरी मात्र मिस्त्री बदल्यात घेऊन गेला.